परत मागितलेले धान्य

एरंडेल चोळलेल्या गव्हाला एक वास असतो. थोडा औषधी, थोडा दमट लाकडाचा, आणि तळाशी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची कडवट रेघ. जुन्नरच्या एका अरुंद गल्लीत मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, तेव्हा हा वास फरशीच्या सांध्यांतून वर येत असे. उन्हाळ्यात दाट, थंडीत विरळ. तो माझ्या साड्यांना लागे, पांघरुणाला लागे, पुस्तकांच्या पानांत जाऊन बसे. कॉलेजात कविता शिकवायला पुस्तक उघडले की पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे पाहत. एकदा एकीने धीर करून विचारलेच, "मॅडम, तुमच्या घरी गिरणी आहे का?"

गिरणी नव्हती. खालच्या मजल्यावर माझ्या घरमालकीणबाई होत्या. साऱ्या गल्लीच्या आत्याबाई.

त्यांच्याविषयी आता त्या गल्लीत एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, ऐकणाऱ्याचे डोळे ओले करणारी आहे, आणि खोटी आहे. मी तिथे होते, मी पाहिले आहे. हे मी रागाने लिहिते आहे आणि तो राग शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

खरे तर त्या एकाच माणसाच्या आत्या. गल्लीच्या कोपऱ्यावर फरशी आणि रंगाचे दुकान चालवणारा त्यांचा भाचा त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. नवरा तरुणपणी गेलेला, मूल नाही. उंची बेताची, नऊवारी घट्ट खोचलेली, दंड सुंभासारखे पिळदार. डोळ्यांपेक्षा नाकावर त्यांचा भरवसा अधिक. मी बाजारातून आले की जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून माझी पिशवी हुंगत.

"पाव आणलास?"

"हो, आत्याबाई. सकाळपुरता."

"आन् दुपारचं काय?"

"दुपारी बघू."

"दुपारी बघू म्हणणारी माणसं दुपारी दुसऱ्याच्या दारात बघत बसत्यात, पोरी."

मला त्यांचा राग येई. एकदा मी निशिगंधाची जुडी आणली, तर म्हणाल्या, "ही वाळवून ठिवता येत्यात का?" नाही म्हटले. "मग तुझ्या त्या कविता?" त्याही नाही म्हटले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने माणूस गळक्या भांड्याकडे पाहतो.

खाली दोन खोल्या होत्या. एकीत आत्याबाई राहत, दुसरीत धान्य राही, आणि चांगली हवेशीर खोली धान्याची होती. पायरीपायरीच्या फळ्यांवर पिशव्या मांडलेल्या. एरंडेल लावलेला गहू, मावळातला बुटका वासाचा तांदूळ, राखेत लोळवलेले हुलगे आणि वाल, वाळवलेली गवार, मेथी, चिंचेचे गोळे, खडे मीठ, गूळ. आढ्याला टांगलेल्या डब्यात सुकट. काड्यापेट्या काचेच्या बरणीत, झाकणाला मेण लावून. नाचणीला मात्र काही लावलेले नसे. "ती येडी हाय," त्या कौतुकाने म्हणत. "तिला कीडबी खात न्हाई. कितीबी वर्सं गप बसंल." त्या खोलीत शिरले की आधी अंधार, मग वास, आणि मग हळूहळू पिशव्यांचे रंग दिसू लागत. जुन्या लुगड्यांचे हिरवे, जांभळे, विटका लाल. पावसाळी रानात डोळे स्थिरावल्यावर फुले दिसावीत तसे.

या पिशव्यांत आत्याबाईंचा सगळा विक्षिप्तपणा शिवलेला होता. एकही पिशवी अशी नव्हती की जी त्या एकट्या उचलून कडेवर घेऊ शकणार नाहीत. प्रत्येकीला दोन कापडी कान. पोती नाहीत, पिंपे नाहीत, कोठी नाही. "मला एकटीला उचलंना, त्ये माझं न्हाई," असा त्यांचा कायदा. भाच्याने एका दिवाळीत त्यांना स्टीलची चकचकीत कोठी आणून दिली. आत्याबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, एका बाजूने हलवून पाहिली, हलेना. दुसऱ्या दिवशी ती परसात आडवी पडली होती आणि आत खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

पिशव्या शिवून देई ती शेजारची मुमताज. त्यांच्या आणि आमच्या परसांमध्ये छातीइतकी भिंत होती. मुमताजचा नवरा रशीदभाई बांगड्यांचा व्यापारी. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा करी, डिंगोऱ्यापासून खोडदपर्यंत. मुमताज घरी शिलाई करी. तिच्या मशीनचा आवाज दुपारभर भिंतीवरून येई, आणि मध्ये मध्ये आत्याबाईंचा.

"मुमताज, कान पक्का कर गं. मागचा उसवला."

"आत्या, तुमी त्या कानाला धरून हिसडता. कान माणसाचा असता तरी उसवला असता."

"माणसाचा पिरगाळला तरी उसवत न्हाई. ह्यो माझा भाचा बघ. ल्हानपणापासनं पिरगाळतीया, काय फरक पडला?"

मुमताजचे हसणे मशीनबरोबर थांबे आणि मशीनबरोबर पुन्हा सुरू होई.

रोहिणी नक्षत्र सरत आले की आत्याबाईंचा वार्षिक सोहळा असे. सगळी गल्ली गच्चीवर धान्याला ऊन दाखवे. आत्याबाई मात्र प्रत्येक पिशवी उचलून पुढच्या दारातून बाहेर आणत, गल्लीत मांडत, आणि संध्याकाळी पुन्हा आत नेत. कुणाला हात लावू देत नसत. मला नाही, मुमताजला नाही. घाम मानेवरून चोळीत उतरे, धाप लागे, पण कडेवरची पिशवी खाली ठेवताना ती आपटत नसे; निजलेले मूल ठेवावे तशी ठेवत. गल्लीतली पुरुषमंडळी ओट्यांवर बसून मजा बघत.

"आत्याबाई, कुठं निघालात म्हणायचं?"

"कुठं न्हाई. निघता येतंय का, त्ये बघतीया."

हशा पिके. त्यात त्यांचा भाचाही असे. एका वर्षी त्याने हा सगळा प्रकार मोबाईलवर टिपला आणि गाणे लावून गावभर पाठवला. आत्याबाईंना कुणीतरी तो दाखवला. त्या शेवटपर्यंत पाहत राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "हुलग्याची पिशवी शेवटी आली. ती आधी आली पायजे."

असे का, हे मी त्यांना एकदाच विचारले. मुमताज भिंतीपलीकडे काजे करत होती, मी वाल निवडत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"आमचं सासर वर खोऱ्यात. आता धरणाखाली हाय. आमच्या घरात कणगी व्हती, माणूस आत हुबा ऱ्हाईल एवढी. कारवीची, शेणानं सारवलेली. घरातच विणत्यात तसली. एकदा विणली का दारातनं निघत न्हाई. निघायची गरज काय? घरानं कुठं जायाचं असतंय?"

वाल सुपात पडत होते.

"पाणी येणार, पाणी येणार, लई वर्सं ऐकत व्हतो. त्या सालीबी सासरा म्हणला, कणगी भरा, पावसाळा काढायचाय. भरली. पाणी उंबऱ्याला लागलं तवा मी म्हणलं, फोडा ती. सासरा आडवा पडला. म्हणला, घराचं प्वाट फाडू देणार न्हाई. कडंवर बसलं तेवढं घेतलं आन् टेकाडावर गेलो. तिथं बसलं का खालनं वास यायचा. पाण्यातनं. आमचा भात आंबत व्हता. गोड वास, पोरी. लगीनघरात येतो तसा."

मग सूप झटकले. "ह्या वालाला उद्या राख लाव."

आज त्या पाण्यावर खालच्या अंगाचे मळे पिकतात, आणि सुट्टीच्या दिवशी काठावर मक्याची कणसे खात माणसे म्हणतात, काय सुंदर जागा आहे. सुंदर आहेच. मीही तिथे उभी राहून तसे म्हणाले आहे, आत्याबाई मला भेटण्याआधी. आता तिथून जाताना मी गाडीची काच वर करते.

मग टाळेबंदीचे वर्ष आले. चैत्रातल्या जत्रा बंद झाल्या, बाजार बंद झाला, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले. माझ्या कॉलेजला कुलूप लागले आणि मी दिवसभर खिडकीशी बसून घराघरांचे वास ऐकू लागले. ऐकू लागले असेच म्हणते, कारण बाकी काही ऐकू येत नव्हते. पहिल्या काही दिवसांत फोडण्या खमंग होत्या. मग लसूण कमी झाला, मग तेल. आणि भीती वाढली. माणसे फोनवर आलेले काहीही खरे मानत होती. आजार कोण पसरवतो याविषयी गल्लीला रोज नवी माहिती मिळत होती आणि ती सगळी माहिती फिरून एकाच घराकडे बोट दाखवत होती. दूधवाला रशीदभाईंच्या दारावरून न थांबता जाऊ लागला. किराणावाला त्यांना म्हणे, "उद्या या." दुसऱ्या दिवशीही उद्याच असे. ही तीच माणसे, ज्यांच्या सुनांच्या मनगटांत चुडा भरताना रशीदभाईंच्या बोटांना काच लागून रक्त यायचे आणि ते म्हणायचे, काही नाही ताई, तुमच्या हाताला लागलं नाही ना?

भाचा एका सकाळी आला. तोंडाला रुमाल, गळ्यात उपरणे, मागे चार पोरे. गल्लीची समिती झाली होती आणि तो तिचा अध्यक्ष झाला होता. कुणी केला, विचारू नये.

"आत्या, तुझ्याकडं एवढं धान्य पडलंय. आपण वाटप करू. नाव तुझंच हुईल."

"नाव नको." आत्याबाई दारात उभ्या होत्या, धान्याच्या खोलीला पाठ देऊन. "गल्लीतलं एकबी घर सुटता कामा नये. तेवढं ठरव."

"ठरलं."

"समद्या घरांना."

"आत्या, ठरलं म्हणलं ना. माझ्यावर विश्वास न्हाई का तुझा?"

त्यांनी जरा विचार केला. "न्हाई," म्हणाल्या. "पर तू माझ्या भावाचा हायेस."

मी जिन्यात उभी होते. आयुष्यभर जिच्या पिशवीला दुसऱ्याचा हात लागला नाही, तिने त्या दिवशी चार अनोळखी पोरांना आत जाऊ दिले. त्या स्वतः बाजूला झाल्या आणि भिंतीला टेकल्या. पोरांनी पिशव्या कानांना धरून फरपटत आणल्या. ओट्यावर ओतल्या. गहू, तांदूळ, वाल मापून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले, प्रत्येकीवर भाच्याचा हात जोडलेला फोटो चिकटवला. रिकामी लुगडी कोपऱ्यात फेकली. आत्याबाईंनी ती एकेक उचलून झटकली आणि घडी केली. त्यांच्याकडे उरल्या मोजक्या पिशव्या आणि ती येडी नाचणी, जी कुणालाच नको होती.

संध्याकाळी साऱ्या गल्लीत एरंडेलाचा वास पसरला. प्रत्येक तव्यावरून. इतकी वर्षे माझ्या फरशीतून येणारा तो वास आता दारादारांतून येत होता आणि मला वाटले, चला, हिचे म्हणणे शेवटी गल्लीला कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई परसात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. भिंतीपलीकडे मुमताज कपडे वाळत घालत होती. सहज विचारावे तसे आत्याबाईंनी विचारले, "गव्हाला एरंडेल जादा न्हाई ना झालं गं? पोरांच्या पोटाला बाधंल."

मुमताज म्हणाली, "कुठला गहू, आत्या?"

मी वरून पाहत होते. आत्याबाईंच्या मुठीतले दाणे पडायचे थांबले. मुमताजला कळले की आपण बोलायला नको होते. ती ओला टॉवेल पुन्हा पिळू लागली, ज्यात पाणीच उरले नव्हते.

मला त्या क्षणी वाटले होते की त्या आकांत करतील. त्यांनी मूठ उघडली, उरलेले दाणे टाकले, आत जाऊन घडी केलेल्या पिशव्यांपैकी काही काखेत मारल्या, पदर तोंडावरून घट्ट बांधला आणि पुढच्या दाराने गल्लीत उतरल्या. मी धावत खाली गेले.

पहिले घर एका निवृत्त हेडक्लार्कचे. त्यांच्या बाई दार उघडून प्रसन्न हसल्या. "या आत्याबाई. पुण्य केलंत हो."

"माझं धान्य परत द्या."

"म्हणजे?"

"काल न्हेलं त्ये. परत द्या."

"अहो, दिलेलं कुणी परत मागतं का?"

"मी दिलंच न्हाई. समद्या घरांना द्यायचं ठरलं व्हतं. मुमताजला दिलं न्हाई. ठरल्यालं झालं न्हाई, म्हंजी दिलं न्हाई. आणा."

बाईंचे हसू जागच्या जागी वाळले. "त्यांचं वेगळं असतं, आत्याबाई. त्यांना त्यांचे लोक देतात."

"आमी कोण हाय मग त्यांचे? भिंत एक हाय आमची."

"आमच्याकडचं निम्मं संपलंय."

"निम्मं द्या."

आत्याबाई आत शिरल्या. सरळ स्वयंपाकघरात, नाक पुढे करून. डब्यांवरून झाकणे काढीत गेल्या आणि तिसऱ्या डब्याशी थांबल्या. गहू आपल्या पिशवीत ओतला. पिशवी कडेवर घेतली आणि पुढच्या घराकडे वळल्या.

त्या दुपारी मी त्यांच्या मागे त्या गल्लीच्या बहुतेक स्वयंपाकघरांत गेले. आपल्या माणसांचे चेहरे मला त्या एका दुपारी जेवढे कळले तेवढे इतक्या वर्षांच्या शिकण्या-शिकवण्यात कळले नव्हते. कुणी म्हणाले, म्हातारीला चळ लागला. कुणी म्हणाले, आम्ही काय भिकारी आहोत, घेऊन जा. एका सुशिक्षित गृहस्थाने मला इंग्रजीत समजावले की ज्येष्ठांची मानसिक स्थिती अशा काळात बिघडते. एकाने पिशवी दारातूनच फेकली. ती फुटली, तांदूळ मातीत विखुरला. आत्याबाई खाली बसल्या आणि बोटांनी वेचू लागल्या. मीही बसले. ऊन डोक्यावर होते, माती तापलेली होती, आणि वरून खिडक्यांतून माणसे बघत होती. एकही खाली आला नाही.

एकच तरुण सून होती, जिने काही न विचारता पूर्ण पिशवी आणून दिली आणि वर घरातली साखर ठेवली. आतून सासूने हाक मारली, तशी ती आत पळाली.

तोवर भाच्याला फोन गेलेच होते. तो मोटारसायकलवरून आला आणि गाडी वाटेत आडवी लावली.

"आत्या, काय चाललंय हे? लाज काढतीस व्हय माझी?"

आत्याबाईंनी कडेवरची पिशवी सावरली. "तुझी हाय व्हय अजून? मला वाटलं पिशव्यांसंगट वाटलीस."

खिडक्यांतून कुणीतरी खुदकन हसले. भाचा लाल झाला. "तुला कळत न्हाई. त्यांच्या घरात आजार आसंल, मग? गल्लीची जबाबदारी माझ्यावर हाय."

"तुझ्या घरात न्हाई कशावरनं?"

"माझं घर..." तो थांबला.

"हां. बोल की. तुझं घर कसलं?"

आत्याबाई त्याच्या मोटारसायकलला वळसा घालून पुढे गेल्या.

रशीदभाईंचे दार बंद होते. आत्याबाईंनी कडी वाजवली. आतून रशीदभाईंचाच आवाज आला, दाराला अगदी लागून. "आत्या, नको. तुमचे उपकार हायेत. पर तुमी आत जाल, दार लावाल. आमाला उद्या ह्याच लोकांत ऱ्हायचंय. ह्यांच्या ताटातलं काढून आमाला नको."

त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते खरे होते याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. उपाशी माणसाला भाकरी घेण्याआधी शेजाऱ्यांच्या रागाचा हिशेब करावा लागतो, त्या गल्लीला मी काय म्हणावे? मी दारावर मूठ आपटणार, तोच आत्याबाईंनी माझा हात धरला.

त्या गल्लीकडे वळल्या. मग आवाज चढवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "रशीद, मी द्यायला आली न्हाई. जेवायला आलीया. माझा शिधा मी आणलाय. पावण्याला दारातनं परत लावतात व्हय तुमच्यात?"

आत कुजबुज झाली. कडी निघाली.

त्यांनी मुमताजच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर हुलग्याचे पिठले केले, भात टाकला. पीठ आणि लसूण तिथे नव्हते, ते आमच्या घरून मी आणले. पोरांना आधी वाढले. मग स्वतःचे ताट घेऊन आत्याबाई रशीदभाईंच्या पुढच्या पायरीवर येऊन बसल्या, गल्लीकडे तोंड करून, आणि सावकाश जेवल्या. ज्या बाईने जन्मभर परक्या घरचे पाणी घेताना पेला विसळून घेतला, ती त्या पायरीवर भात कालवत होती. शेवटी बोटे चाटली आणि समोरच्या खिडक्यांना उद्देशून म्हणाल्या, "आता मलाबी कुणी काय देऊ नका. माझ्या घराचं अन् ह्या घराचं आजपासनं एकच."

शिल्लक होते तोवर रोज दुपारी एक पिशवी कडेवर घेऊन त्या जेवायला गेल्या. शेवटी नाचणी. मुमताजची पोरे आधी तोंडे वाकडी करीत, मग आंबील मागून पिऊ लागली.

गल्लीने याची शिक्षा दिली. दूधवाला आमच्याही दारावरून पुढे जाऊ लागला. टाळेबंदी उठली, बांबू निघाले, पण हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, ओट्यावरून कुणी हाक मारली नाही. भाचा एका सकाळी टेम्पो घेऊन आला, खुडूक कोंबडीला पायाने हुसकले आणि आपली कोठी घेऊन गेला. अंडी फुटली. दिलेले परत मागत नाहीत, असे मला त्या दुपारी दारोदार ऐकवणारी गल्ली ओट्यांवर बसून टेम्पोत कोठी चढताना पाहत होती.

पुढच्या रोहिणीत आत्याबाईंनी पुन्हा पिशव्या बाहेर मांडल्या. त्या वर्षी पिशव्या थोड्या होत्या आणि हसायला कुणी बाहेर आले नाही. मला वाटले त्यांना बरे वाटेल. त्या ओट्यावर बसून रिकाम्या गल्लीकडे पाहत म्हणाल्या, "हसत व्हते त्ये बरं व्हतं गं."

हे वाक्य मी त्या गल्लीला माफ करणार नाही.

नंतर माझी बदली घोडेगावला झाली. फोनवर त्या फक्त काय साठवलेस एवढेच विचारीत आणि माझे उत्तर ऐकून नाराज होत. एका थंडीत मुमताजचा फोन आला. आत्याबाई सकाळी उठल्याच नव्हत्या. मी पोहोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. खांदा कुणी दिला म्हणून विचारले, तर मुमताज म्हणाली, "ज्यांनी बोलणं टाकलं होतं त्यांनीच. लई गर्दी होती, मॅडम."

वर्षश्राद्धाला मी गेले. गल्लीच्या तोंडाशी मांडव होता, आणि मांडवावर आत्याबाईंचा मोठा फोटो. रंग इतके उजळ केलेले की मला त्या आधी ओळखू आल्या नाहीत. खाली सोनेरी अक्षरांत "अन्नपूर्णा", आणि त्याखाली हात जोडून भाचा. येत्या निवडणुकीत तो उभा राहणार असल्याचे मला एस.टी. स्टँडवरच कळले होते. हेडक्लार्कबाई माईकवर होत्या. आत्याबाईंनी संकटाच्या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घराला स्वतःच्या हाताने धान्य वाटले, असे त्या सांगत होत्या, आणि सांगता सांगता रडत होत्या. खोटे रडणे नव्हते ते. त्यांना आता खरोखरच तसे आठवत होते. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. ज्यांच्या डब्यांवरून झाकणे निघाली होती त्या बायका. तांदूळ मातीत फेकणारा गृहस्थ पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर नातू घेऊन.

मी उठून आधी मुमताजकडे गेले. ती मशीनवर बसली होती, कुणाची तरी शाळेची पिशवी शिवत.

"येत नाहीस?"

"बोलावलं नाही, मॅडम."

"म्हणून काय झालं? तू ये. तू सांग सगळ्यांना."

तिने दोरा दातांनी तोडला. "मी सांगितलं तर ती गोष्ट आत्यांची राहील का माझी होईल?"

मी परत मांडवात आले, माईकशी गेले. भाच्याने अदबीने मला नमस्कार केला, माझी ओळख "आत्यांच्या लाडक्या प्राध्यापिका" अशी करून दिली, वेळेअभावी मला बोलता येणार नाही म्हणून क्षमा मागितली आणि आभारप्रदर्शन सुरू केले.

पंगतीच्या वेळी मी त्याला गाठले. तो स्वतः वाढत होता, बुंदीचे ताट हातात. मी आवाज खाली ठेवला नाही. म्हणाले, "त्यांनी वाटलं नव्हतं. तुम्ही वाटलंत, आणि एक घर सोडून वाटलंत. त्यांनी ते तुमच्या सगळ्यांकडून दारोदार जाऊन परत आणलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती आणि तुम्ही तीच पुसून टाकलीत. ते घर आजही तिथेच आहे. तिथे आज पानसुद्धा पाठवलं नाहीत तुम्ही."

पंगत जेवायची थांबली. हेडक्लार्कबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून बुंदी वेचू लागल्या. भाच्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तो समजू शकले असते. त्याने ताट डाव्या हातात घेतले, माझ्या पानात एक मूठ बुंदी घातली, आणि रडणाऱ्या मुलाची समजूत काढावी तसा, अगदी मायेने मला म्हणाला,

"विसरा."